पेटंटचा अर्ज : नियम, मुदती आणि जनहित

ज्ञान ही एक आगळी संपत्ती आहे. शेत, घर किंवा यंत्र एकजण वापरत असताना ते दुसऱ्याला वापरता येत नाही. कल्पनेचे तसे नाही. एकाची कल्पना हजारांनी वापरली तरी ती झिजत नाही. नेमक्या याच गुणामुळे संशोधकापुढे अडचण उभी राहते. जो शोध लावण्यासाठी अनेक वर्षांचे श्रम आणि पैसा खर्ची पडतो, त्याची नक्कल काही दिवसांत होऊ शकते. नकलेच्या भीतीने संशोधकाने शोध गुप्त ठेवला, तर त्याच्याबरोबर तो शोधही नाहीसा होण्याचा धोका असतो. या दोन्ही गोष्टी टाळण्यासाठी समाजाने जो मार्ग काढला, त्याचे नाव पेटंट. संशोधकाने आपला शोध इतरांना करून पाहता येईल इतक्या स्पष्टपणे लिहून द्यावा आणि त्या बदल्यात शासनाने त्याला ठरावीक काळापुरता अनन्य हक्क द्यावा, असा हा करार आहे.

करार म्हटला की अटी आल्या. पेटंटच्या बाबतीत या अटी अर्जाचे नमुने, शुल्क आणि मुदती यांच्या रूपाने समोर येतात. वरवर पाहता त्या कार्यालयीन उपचार वाटतात. प्रत्यक्षात त्यांतील प्रत्येक अट संशोधकाचे किंवा समाजाचे हित राखण्यासाठी असते. एक तारीख चुकली तर संशोधकाचा हक्क कायमचा जातो, आणि हक्क देताना तपासणीत ढिलाई झाली तर एखाद्या औषधाची जादा किंमत रुग्णांना वर्षानुवर्षे मोजावी लागते. म्हणूनच पेटंट अर्जाची कार्यपद्धती समजून घेताना प्रत्येक टप्पा कोणाच्या हितासाठी आहे, हे पाहणे उपयुक्त ठरते.

कायद्याची वाटचाल

भारतात पेटंटविषयक पहिला कायदा १८५६ मध्ये झाला. त्यानंतर १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा दीर्घकाळ अमलात होता. स्वातंत्र्यानंतर या कायद्याचा फेरविचार करण्यासाठी प्रथम न्यायमूर्ती बक्षी टेकचंद यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. पुढे न्यायमूर्ती एन. राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ मध्ये आपला अहवाल सादर केला. त्या अहवालाच्या पायावर पेटंट कायदा, १९७० आकारास आला आणि २० एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. या कायद्याने अन्नपदार्थ व औषधे यांच्याबाबत उत्पादनाला पेटंट नाकारले; केवळ उत्पादनाच्या प्रक्रियेला, तेही अल्प मुदतीचे पेटंट देऊ केले. तेच औषध वेगळ्या प्रक्रियेने तयार करण्याची मुभा मिळाल्याने देशी औषध उद्योगाचा पाया भक्कम झाला.

भारत १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटनेचा संस्थापक सदस्य झाला आणि बौद्धिक संपदा हक्कांच्या व्यापारविषयक पैलूंसंबंधीचा ‘ट्रिप्स’ करार देशावर बंधनकारक ठरला. त्यानुसार १९९९, २००२ आणि २००५ मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या. सर्व क्षेत्रांतील पेटंटची मुदत सरसकट २० वर्षे झाली आणि १ जानेवारी २००५ पासून औषधे, अन्न व रसायने यांनाही उत्पादन पेटंट मिळू लागले. अर्जाची प्रत्यक्ष कार्यपद्धती मात्र पेटंट नियम, २००३ मध्ये दिलेली आहे. हे नियम वेळोवेळी बदलले असून १५ मार्च २०२४ पासून अमलात आलेली दुरुस्ती त्यांतील अनेक मुदतींवर परिणाम करणारी आहे. जुनी पाठ्यपुस्तके वाचताना हा फरक ध्यानात ठेवावा लागतो.

पेटंट कशाला मिळते?

कायद्याच्या दृष्टीने शोध म्हणजे नवीन उत्पादन किंवा नवीन प्रक्रिया. त्यासाठी तीन कसोट्या आहेत. पहिली नावीन्याची : अर्जाच्या तारखेपूर्वी तो शोध जगात कोठेही प्रसिद्ध झालेला नसावा. दुसरी कल्पकतेची : त्या विषयातील जाणकाराला सहज सुचेल अशी ती सुधारणा नसावी, तिच्यात तांत्रिक प्रगती, आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही असावीत. तिसरी औद्योगिक उपयोगितेची : तो शोध उद्योगात तयार करता किंवा वापरता आला पाहिजे.

या कसोट्यांना उतरूनही काही गोष्टी पेटंटच्या कक्षेबाहेर राहतात. त्यांची यादी कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. शेती किंवा बागायतीची पद्धत, रोगावर उपचार करण्याची पद्धत, गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, केवळ संगणक प्रणाली, वनस्पती व प्राणी, पारंपरिक ज्ञान यांचा तीत समावेश होतो. अणुऊर्जेसंबंधीच्या शोधांवर कलम ४ नुसार निर्बंध आहेत. एका साध्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होईल. समजा, अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने भाताची रोपे लावणारे, हाताने चालणारे हलके यंत्र तयार केले. रोपे कोणत्या अंतरावर व कशी लावावीत या पद्धतीला पेटंट मिळणार नाही. परंतु यंत्रातील रोप पकडणारी नवी रचना तिन्ही कसोट्यांना उतरली तर तिला पेटंट मिळू शकते.

नावीन्याची कसोटी किती महत्त्वाची आहे, हे हळदीच्या प्रकरणाने देशाला शिकवले. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याविषयी १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले. भारतीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली गोष्ट केवळ सांगून भागणारे नव्हते. ती लिखित पुराव्याने सिद्ध करावी लागली. जुने ग्रंथ आणि १९५३ मधील भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील लेख पुढे ठेवल्यानंतर १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. या अनुभवातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले. परदेशी पेटंट कार्यालयांतील परीक्षकांना आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी शास्त्रांतील माहिती त्यांच्या भाषेत तपासता यावी, हा त्याचा हेतू आहे.

आधी अर्ज, मग प्रसिद्धी

हाच नियम संशोधकाच्या विरोधातही जातो. शोधाची माहिती आधी प्रसिद्ध करणारा संशोधक स्वतःच असला, तरीही नावीन्य संपुष्टात येते. शोधनिबंध छापणे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध खुला होणे, प्रदर्शनात यंत्र चालवून दाखवणे किंवा वस्तूची विक्री करणे यांपैकी काहीही अर्जाआधी घडले तर हक्क धोक्यात येतो. शिक्षणसंस्थांमध्ये पदोन्नती व पदवी निबंधांवर अवलंबून असल्याने ‘आधी छापावे’ ही ओढ स्वाभाविक असते. मात्र तिची किंमत पेटंट गमावून मोजावी लागते.

कायद्याने काही मर्यादित सवलती ठेवल्या आहेत. केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात शोध मांडला किंवा विद्वत्सभेपुढे निबंध वाचला, तर त्यानंतर बारा महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. २०२४ च्या नियमांनी या सवलतीसाठी नमुना ३१ ठरवून दिला आहे. तथापि सवलत हा अपवाद आहे. तिच्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही.

प्रबंध किंवा निबंध थांबवण्याची मात्र गरज नसते. अर्ज दाखल झाला की दुसऱ्या दिवशी तो छापण्यास हरकत नसते. प्रश्न फक्त क्रमाचा आहे.

अर्ज कोणी, कोठे आणि कसा करावा?

कलम ६ नुसार खरा व पहिला शोधकर्ता, त्याने ज्याला हक्क हस्तांतरित केला तो, अथवा मृत शोधकर्त्याचा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतो. कंपनी किंवा संस्था शोधकर्ती मानली जात नाही. शोध माणसाने लावलेला असतो. तिला अर्ज करायचा असेल तर हक्क तिच्याकडे आल्याचा पुरावा द्यावा लागतो. दोन व्यक्तींनी एकच शोध स्वतंत्रपणे लावला असेल, तर ज्याचा अर्ज आधी त्याला अग्रक्रम मिळतो.

पेटंट कार्यालय केंद्रीय वाणिज्य व उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीत असून त्याचे मुख्यालय कोलकाता येथे आहे. दिल्ली, चेन्नई आणि मुंबई येथे शाखा आहेत. पेटंट, डिझाइन व व्यापारचिन्ह यांच्या महानियंत्रकांचे कार्यालय मुंबईत आहे. अर्जदाराचा निवास, व्यवसायाचे ठिकाण किंवा शोधाचा उगम ज्या क्षेत्रात असेल, त्यावरून कार्यालय ठरते. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही राज्ये मुंबई कार्यालयाकडे येतात. २००७ पासून अर्ज ऑनलाइन दाखल करण्याची सोय झाली. व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, अथवा परीक्षा देऊन नोंदणीकृत झालेल्या पेटंट एजंटामार्फत तो करता येतो. एजंट नेमल्यास नमुना २६ मध्ये अधिकारपत्र द्यावे लागते.

मुख्य नमुने मोजके आहेत. नमुना १ हा अर्ज, नमुना २ हे विवरणपत्र, नमुना ३ हे इतर देशांतील अर्जांविषयीचे निवेदन आणि नमुना ५ हे शोधकर्तृत्वाचे घोषणापत्र. लघु उद्योग, नवउद्योग किंवा शिक्षणसंस्था म्हणून शुल्कात सवलत हवी असल्यास नमुना २८ जोडावा लागतो.

शुल्काची रचना समन्यायी ठेवण्याचा प्रयत्न नियमांत दिसतो. व्यक्ती, नवउद्योग, लघु उद्योग आणि शिक्षणसंस्था यांना ऑनलाइन अर्जासाठी १,६०० रुपये, तर इतरांना ८,००० रुपये शुल्क आहे. परीक्षणाच्या विनंतीसाठी हेच आकडे अनुक्रमे ४,००० व २०,००० रुपये आहेत. म्हणजे एका व्यक्तीला मूळ शासकीय खर्च ५,६०० रुपये, तर मोठ्या कंपनीला २८,००० रुपये येतो. तीस पानांपुढील प्रत्येक पानासाठी आणि दहापुढील प्रत्येक दाव्यासाठी जादा शुल्क असते. एजंटाचा मोबदला अर्थातच वेगळा.

विवरणपत्र : कराराचा गाभा

अर्जातील सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे विवरणपत्र. ते दोन प्रकारचे असते. शोधाची कल्पना स्पष्ट झाली आहे, पण प्रयोग पूर्ण व्हायचे आहेत, अशा वेळी तात्पुरते विवरणपत्र दाखल करता येते. त्यामुळे अग्रक्रमाची तारीख मिळते. त्यानंतर बारा महिन्यांच्या आत संपूर्ण विवरणपत्र दाखल केले नाही, तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. तात्पुरत्या विवरणपत्राला परीक्षण नसते आणि त्यावर पेटंटही मिळत नाही. ते केवळ रांगेतील जागा राखून ठेवते. मात्र त्यात जे सांगितले असेल त्यापुरतीच ही जागा राखली जाते. घाईत लिहिलेल्या दोन ओळी पुढे उपयोगी पडत नाहीत.

संपूर्ण विवरणपत्रात शीर्षक, शोधाचे क्षेत्र, आधी ज्ञात असलेल्या गोष्टी, शोधाचे सविस्तर वर्णन, आकृत्या, सारांश आणि दावे असतात. अर्जदाराला ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धत त्यात उघड केली पाहिजे, असा कलम १० चा दंडक आहे. हीच समाजाला मिळणारी कराराची किंमत होय. जैविक सामग्री वापरली असेल तर तिचा स्रोत व भौगोलिक उगम सांगावा लागतो. नव्या सूक्ष्मजीवाचे शब्दांत पूर्ण वर्णन करणे शक्य नसते. त्याचा नमुना चंदीगड किंवा पुणे येथील मान्यताप्राप्त संग्रहांसारख्या ठिकाणी जमा करण्याची व्यवस्था आहे. भारतातील जैविक संसाधनांवर आधारित शोध असल्यास जैवविविधता कायदा, २००२ मधील तरतुदींनुसार राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पेटंट मंजूर होण्यापूर्वी पूर्ण करावी लागते.

दावे म्हणजे हक्काच्या जमिनीचे कुंपण. वर्णन कितीही विस्तृत असले तरी संरक्षण मिळते ते दाव्यांत लिहिलेल्या गोष्टींनाच. भातलावणी यंत्राच्या उदाहरणात ‘रोपे लावणारे कोणतेही यंत्र’ असा दावा केला, तर तो आधीच्या यंत्रांमुळे फेटाळला जाईल. उलट ‘अमुक मापाच्या लोखंडी पट्टीचे यंत्र’ इतकाच दावा केला, तर स्पर्धक पट्टीचे माप बदलून मोकळा होईल. कुंपण जेवढे आपले आहे तेवढ्याच जमिनीभोवती, पण पूर्ण घातले पाहिजे. एका अर्जात एकच शोध किंवा एकाच कल्पनेने जोडलेले शोध असावेत. पुढे दुरुस्ती करता येते. परंतु मूळ विवरणपत्रात नसलेली नवी बाब त्यात घुसवता येत नाही.

प्रसिद्धी आणि परीक्षण

अर्जाच्या किंवा अग्रक्रमाच्या तारखेपासून अठरा महिने अर्ज गुप्त राहतो. त्यानंतर तो पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिक नियतकालिकात प्रसिद्ध होतो. अर्जदाराला घाई असल्यास नमुना ९ भरून लवकर प्रसिद्धी मागता येते. प्रसिद्धीच्या तारखेपासून अर्जदाराचे हक्क सुरू होतात. मात्र उल्लंघनाबद्दल दावा पेटंट मंजूर झाल्यावरच लावता येतो.

अर्ज केला म्हणजे परीक्षण आपोआप होते, हा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. परीक्षणासाठी नमुना १८ मध्ये वेगळी विनंती करावी लागते. पूर्वी त्यासाठी ४८ महिन्यांची मुदत होती. १५ मार्च २०२४ पासून दाखल होणाऱ्या अर्जांसाठी ती ३१ महिने झाली आहे. मुदतीत विनंती न आल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. नवउद्योग, लघु उद्योग, महिला अर्जदार यांसारख्या काही वर्गांना नमुना १८अ भरून जलद परीक्षण मागता येते.

परीक्षक आधीच्या पेटंटांचा व साहित्याचा शोध घेऊन प्रथम परीक्षण अहवाल तयार करतो. अहवालात आक्षेप असणे ही नेहमीची बाब आहे. तो नकार नव्हे. अर्जदाराने सहा महिन्यांत आक्षेपांचे निराकरण करायचे असते. शुल्क भरून मर्यादित मुदतवाढ मिळते. उत्तरच दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. समाधान न झाल्यास नियंत्रक अर्जदाराला सुनावणीची संधी देतो आणि मगच निर्णय करतो. निर्णयाविरुद्ध पूर्वी बौद्धिक संपदा अपील मंडळाकडे दाद मागता येत असे. २०२१ मध्ये ते मंडळ बरखास्त झाल्यापासून अपिले उच्च न्यायालयाकडे जातात.

भातलावणी यंत्राच्या उदाहरणातून या मुदती एकत्र पाहता येतील. समजा, तात्पुरते विवरणपत्र १ जुलै २०२४ रोजी दाखल झाले. संपूर्ण विवरणपत्रासाठी अखेरची तारीख १ जुलै २०२५ ठरेल. अठरा महिने १ जानेवारी २०२६ रोजी पूर्ण होतील आणि त्यानंतर अर्ज प्रसिद्ध होईल. परीक्षणाची विनंती १ फेब्रुवारी २०२७ पर्यंत करावी लागेल. पेटंट २०२७ मध्ये मंजूर होवो वा २०२९ मध्ये, त्याची वीस वर्षे मोजली जातील ती अर्जाच्या तारखेपासून, म्हणजे २०४४ पर्यंतच. ज्या दिरंगाईमुळे परीक्षण लांबते, ती हक्काच्या काळातून वजा होते. विनंती लवकर करण्यात अर्जदाराचा लाभ असतो तो यामुळेच.

हरकत : जनतेचा दरवाजा

पेटंट म्हणजे काही काळाची मक्तेदारी. ती चुकीच्या शोधाला मिळू नये म्हणून भारतीय कायद्याने हरकतीची दुहेरी सोय ठेवली आहे. अर्ज प्रसिद्ध झाल्यानंतर आणि मंजुरीपूर्वी कोणीही व्यक्ती नमुना ७अ मध्ये हरकत घेऊ शकते. मंजुरी प्रसिद्ध झाल्यानंतर एका वर्षाच्या आत हितसंबंधित व्यक्तीला नमुना ७ मध्ये हरकत घेता येते. पहिल्या तरतुदीतील ‘कोणीही’ हा शब्द फार मोलाचा आहे.

त्याचा प्रत्यय बेडाक्विलिन या क्षयरोगावरील औषधाच्या प्रकरणात आला. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगावर हे औषध वापरले जाते. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३ मध्ये संपणार होते. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने त्याच औषधाच्या एका क्षारासाठी केलेला अर्ज मंजूर झाला असता, तर मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबली असती. या अर्जाला मुंबईतील आणि दक्षिण आफ्रिकेतील, क्षयरोगातून बऱ्या झालेल्या दोन महिलांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज नाकारला. प्रतिस्पर्धी कंपनी नसलेल्या सामान्य रुग्णांना कायद्याने दिलेला हा आवाज होता.

या निर्णयामागील कलम ३(ड) ची कसोटी सर्वोच्च न्यायालयात याआधीच लागली होती. ज्ञात पदार्थाचे नवे रूप, त्याची परिणामकारकता लक्षणीय वाढत नसेल तर, शोध ठरत नाही, असे हे कलम सांगते. रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिव्हेक’ औषधाच्या स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिस कंपनीने १९९८ मध्ये केलेला अर्ज चेन्नई कार्यालयाने २००६ मध्ये फेटाळला. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम केला आणि औषधाच्या बाबतीत परिणामकारकता म्हणजे रोग बरा करण्यातील परिणामकारकता, असे स्पष्ट केले.

२०२४ च्या नियमांनी मंजुरीपूर्व हरकतीसाठी शुल्क लागू केले असून हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही, हे नियंत्रक आधी ठरवतो. केवळ विलंबासाठी घेतल्या जाणाऱ्या हरकतींना यामुळे आळा बसेल, असे समर्थन केले जाते. रुग्णांच्या संघटनांसाठी दरवाजा अरुंद झाला, असा प्रतिवादही होतो. दोन्ही बाजू समजून घेतल्याशिवाय या दुरुस्तीचे मूल्यमापन पूर्ण होणार नाही.

मंजुरीनंतरच्या जबाबदाऱ्या

पेटंट मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी नूतनीकरण शुल्क भरावे लागते. व्यक्तीसाठी ते तिसऱ्या ते सहाव्या वर्षापर्यंत वार्षिक ८०० रुपये, सातव्या ते दहाव्यापर्यंत २,४००, अकराव्या ते पंधराव्यापर्यंत ४,८०० आणि सोळाव्या ते विसाव्यापर्यंत ८,००० रुपये आहे. मोठ्या कंपन्यांना ते पाचपट असते. वीस वर्षांत व्यक्तीला एकूण ७६,८०० रुपये भरावे लागतात आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम शेवटच्या पाच वर्षांची असते. या चढत्या शुल्कामागे अर्थशास्त्रीय विचार आहे. ज्या पेटंटपासून उत्पन्न नाही, ते धारक स्वतःहून सोडून देतो आणि तो शोध लवकर सर्वांसाठी खुला होतो. शुल्क अनवधानाने राहून पेटंट बंद पडले, तर अठरा महिन्यांच्या आत ते पुनरुज्जीवित करण्याचा अर्ज करता येतो.

दुसरी जबाबदारी म्हणजे शोधाच्या वापराचे निवेदन. नमुना २७ मधील हे निवेदन पूर्वी दरवर्षी द्यावे लागे. आता ते तीन आर्थिक वर्षांतून एकदा द्यायचे आहे. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे झाल्यावरही लोकांच्या गरजा भागत नसतील, वस्तू परवडणाऱ्या किमतीत मिळत नसेल किंवा शोधाचा भारतात वापर होत नसेल, तर कलम ८४ नुसार इतरांना सक्तीचा परवाना देता येतो. ९ मार्च २०१२ रोजी बायर कंपनीच्या ‘नेक्साव्हर’ या कर्करोगावरील औषधासाठी नॅटको कंपनीला असा देशातील पहिला परवाना मिळाला. महिन्याच्या उपचाराची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. परवान्यानुसार ती ८,८८० रुपयांवर आली. धारकाने भरलेली वापराची निवेदने त्या निर्णयात विचारात घेतली गेली. नमुना २७ हा निव्वळ उपचार नाही, हे यावरून दिसते.

देशाबाहेरील संरक्षण

पेटंट हा प्रादेशिक हक्क आहे. भारतात मिळालेले पेटंट अन्य देशांत चालत नाही आणि ‘जागतिक पेटंट’ असे काही अस्तित्वात नाही. भारत ७ डिसेंबर १९९८ पासून पॅरिस करार आणि पेटंट सहकार्य करार या दोन्हींचा सदस्य आहे. पहिल्यानुसार भारतातील अर्जानंतर बारा महिन्यांत सदस्य देशांत अर्ज केल्यास मूळ तारखेचा अग्रक्रम मिळतो. दुसऱ्यानुसार एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करून देशोदेशींच्या कार्यालयांत जाण्यासाठी जादा अवधी घेता येतो; भारतात हा अवधी अग्रक्रमाच्या तारखेपासून ३१ महिन्यांचा आहे. भारतीय पेटंट कार्यालय २०१३ पासून आंतरराष्ट्रीय शोध प्राधिकरण म्हणूनही काम करते. भारतातील रहिवाशाने थेट परदेशात अर्ज करण्यापूर्वी नमुना २५ मध्ये परवानगी घेतली पाहिजे, अथवा भारतात अर्ज करून सहा आठवडे थांबले पाहिजे. संरक्षण वा अणुऊर्जेशी संबंधित माहिती बाहेर जाऊ नये, हा त्यामागील उद्देश.

संख्येपलीकडे

भारतात २०२२-२३ मध्ये ८२,८११ आणि २०२३-२४ मध्ये ९२,१६८ पेटंट अर्ज दाखल झाले. एकेकाळी परदेशी अर्जदारांचे वर्चस्व असलेल्या या क्षेत्रात आता निम्म्याहून अधिक अर्ज देशातील रहिवाशांचे असतात. २०२३-२४ मध्ये मंजूर पेटंटांची संख्या एक लाखाच्या वर गेली. ही प्रगती समाधानकारक आहे. तथापि अर्जांची संख्या म्हणजे नवनिर्मिती नव्हे. किती शोध प्रत्यक्ष उत्पादनात उतरले, किती पेटंट धारकांनी शुल्क भरून टिकवून ठेवली आणि परीक्षण किती काटेकोर झाले, यांवर या करारातील समाजाचा वाटा अवलंबून आहे.

त्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतील. विद्यापीठे व महाविद्यालयांत निबंध छापण्यापूर्वी पेटंटचा विचार करणारी आणि अर्जदाराला मुदतींची आठवण देणारी यंत्रणा हवी, म्हणजे लहान संशोधकाचा हक्क अज्ञानापोटी जाणार नाही. दुसरीकडे पेटंट कार्यालयात पुरेसे आणि प्रशिक्षित परीक्षक हवेत, म्हणजे नको त्या शोधाला मक्तेदारी मिळणार नाही. नियम दोघांचेही रक्षण करतात. अट एवढीच की, ते वेळेवर पाळले जावेत आणि नीट तपासले जावेत.